कतरीनबायकडे राहिलेली क्षमा

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावात सगळे येशूबाबाला मानणारे. मधोमध पांढरंशुभ्र देऊळ, वर क्रूस आणि भली थोरली घंटा.

गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध होता. आत भातशेती, बाहेर खारं पाणी. बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडी उघडून शेतातलं जादा पाणी सोडायचं आणि भरती यायच्या आत ती बंद करायची. रोज एका घराची पाळी. काम सोपं, पण चुकलं की अख्ख्या गावाच्या तोंडचा घास गेलाच.

गावाची आणखी एक रीत होती. ईस्टरच्या आधी सगळ्यांनी कुमसाराला जायचं. म्हणजे देवळातल्या लाकडी जाळीशी गुडघे टेकायचे आणि पलीकडे बसलेल्या फादरच्या कानात आपली पापं सांगायची. फादर देवाच्या नावानं क्षमा देणार, चार प्रार्थना करायला सांगणार, आणि ऐकलेलं जीव गेला तरी कुणाला सांगणार नाही. रीत वाईट नाही हो. मनावरचं ओझं माणसानं कुठंतरी उतरवायलाच हवं. पण या गावानं त्या रीतीचं काय केलं, ते ऐका.

एका वर्षी भात लोंबीला आलं होतं. त्या दिवशी उघाडीची पाळी बस्त्यावची होती. बस्त्याव म्हणजे देवळाला घंटा देणाऱ्या बड्या घरचा कर्ता पुरुष. नेमकं त्याच दिवशी त्याच्या बहिणीचं लग्न. वाजंत्री वाजत होती, पंगती उठत होत्या, आणि भर दुपारी बस्त्याव ताडी पिऊन मांडवातच आडवा झाला. उघाडी सताड उघडी राहिली. उधाणाची भरती आली आणि उभ्या पिकात खारं पाणी शिरलं. गावाचं वर्ष पाण्यात गेलं.

गावकी बसली. बस्त्याव म्हणाला, "मी पाळी इनासला दिली होती."

इनास हा कतरीनबायचा एकुलता एक लेक. बांधाला लागूनच त्यांची झोपडी. बांधाची डागडुजी त्याच्यासारखी कुणाला येत नव्हती.

"मला कुणी काही सांगितलं नाही," इनास म्हणाला. "मी तुमच्याच मांडवात पाणी भरत होतो. तुम्ही सगळ्यांनी मला पाहिलंय. बस्त्याव कुठं पडला होता तेही पाहिलंय. बोला की कुणीतरी!"

सगळ्यांनी पाहिलं होतं. पण बड्या घराशी वैर कोण घेणार? कुणी आपल्या अंगठ्याकडे पाहत बसलं, कुणाला तेवढ्यात खोकला आला. शेवटी गावकीच्या म्होरक्यानं निवाडा दिला. इनासनं गाव सोडावं. पण एकानं जरी देवळात उभं राहून सांगितलं की चूक इनासची नव्हती, तर तो परत येऊ शकेल.

खाडीपलीकडे जायला इनास होडीत बसला. "आये, तू पण चल," तो म्हणाला.

"मी आले तर शेत कोण बघणार? आणि तू कुठं कायमचा चाललायस? ईस्टरला सगळे कुमसाराला जातील. देवासमोर गुडघे टेकल्यावर कुणाच्या तरी तोंडून खरं निघेलच की."

खरं निघालं. ईस्टर आला तशी जाळीशी रांग लागली. बस्त्याव तर ढसाढसा रडला. "फादर, चूक माझी होती. एका निरपराध माणसावर मी आळ घेतला."

आता फादरनं म्हणायला हवं होतं, "ऊठ, आधी त्या माउलीकडे जा, मग माझ्याकडे ये." येशूबाबाची शिकवण हीच, आणि फादरला ती तोंडपाठ होती. पण देवळाचं नवं छप्परही बस्त्यावच्याच घरचं होतं. फादर हळूच म्हणाला, "देव दयाळू आहे. तीन रोझरी म्हण, माळेचे मणी मोजत, आणि जमलं तर तिची विचारपूस कर."

मग बाकीचे आले. "फादर, मी पाहूनही बोललो नाही." "फादर, मीही गप्प बसले." प्रत्येकाला क्षमा मिळाली. आंघोळ करून निघावं तशी माणसं टवटवीत तोंडानं बाहेर पडत होती. दाराशी कतरीनबाय उभी. बस्त्याव तिच्यापाशी थांबला. फादरनं सांगितलंच होतं ना!

"कतरीनबाय, बरी हायस ना? काय लागलं-सवरलं तर सांग हो."

"मला काय लागणार बाबा? तू तेवढं देवळात उभा राहून सांग."

बस्त्यावचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "ते माझं आणि देवाचं मिटलंय गं बाय," तो म्हणाला आणि घरी जेवायला गेला.

अशी सात वर्षं गेली. दर ईस्टरला रांग लागायची, दर ईस्टरला सगळे तेच पाप सांगायचे आणि दर ईस्टरला त्यांना माफी मिळायची. कतरीनबाय दाराशी उभी राहायची आणि शेवटचा माणूस गेला की घरी जायची.

या सात वर्षांत ती आणखी एक काम करत होती. बांधाला खेकडे बिळं पाडतात. बीळ लहान दिसतं, पण उधाणाचं पाणी त्यातून शिरलं की बांध आतून पोखरत जातो. इनास ती बिळं बुजवायचा. तो गेल्यावर कतरीनबाय रोज ओहोटीला चिखलाची पाटी घेऊन बांध चालायची आणि एकेक बीळ हातानं लिंपायची. लेक परत येईल तेव्हा त्याला शेत कोरडं मिळायला हवं, एवढाच तिचा हिशेब. गाव म्हणायचं, "म्हातारीचं डोकं फिरलंय, चिखलात खेळते."

आठव्या वर्षी पावसाळा सरताना कतरीनबाय अंथरुणाला खिळली. मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचं पवित्र तेल घेऊन फादर आला आणि म्हणाला, "कतरीनबाय, मनात काही पाप असेल तर सांग."

"एक हाय, फादर. मला क्षमा करायची होती, ती राहिली."

"मग आता कर."

"कुणाला करू? मागायला कुणी आलंच नाही."

फादरची मान खाली गेली. "मी सगळ्यांना क्षमा दिली, बाय. मला वाटलं..."

"माझ्याकडची क्षमा तुम्ही कशी वाटलीत, फादर?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं फादरला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. लेकाची भेट झाली नाही. गावानं तिची मयत अशी काढली की विचारू नका. घंटा वाजली, बायका हुंदके देऊन रडल्या, शवपेटीला पहिला खांदा बस्त्यावनं दिला. पलीकडच्या काठावर इनास घंटा ऐकत उभा होता. निवाडा अजून तसाच होता, म्हणून त्याला आईला माती द्यायलाही येता आलं नाही. त्या दिवशीही कुणी उभं राहून बोललं नाही. मेलेल्या बाईसमोर तरी बोलायचं, मेल्यांनो!

बिळं लिंपायला बांधावर आता कुणी जात नव्हतं. खेकडे मात्र आपलं काम करत होते.

पुढचा ईस्टर आला. ईस्टर नेहमी पुनवेच्या आसपासच येतो, आणि पुनवेला खाडीला उधाण असतं. सारं गाव देवळात रांग लावून उभं होतं. "फादर, मी पाहूनही बोललो नाही," असं कुणीतरी जाळीशी म्हणत होतं, तेवढ्यात बांध फुटला. एका जागी नाही, सात जागी फुटला. पाणी शेतांत गेलं, विहिरींत गेलं आणि देवळाच्या पायऱ्या चढून आत आलं.

पाणी ओसरल्यावर जमिनीवर मीठ पांढरं दिसू लागलं. बांध नव्यानं घालायचा तर इनासवाचून जमणार नव्हतं. गावकीनं होडीवाल्याला निरोप देऊन पाठवलं, "इनासला सांग, गावानं तुला क्षमा केलीय. परत ये."

इनासनं निरोप ऐकला. "क्षमा? कशाबद्दल?" त्यानं विचारलं.

होडीवालाही त्या लग्नाच्या दिवशी मांडवात जेवायला होता. वल्ही उचलून तो रिकामी होडी घेऊन परतला.

इनास आला नाही. गोड्या पाण्यावाचून एकेक घर गाव सोडून गेलं. निघताना मात्र प्रत्येक जण देवळात गेला. घोटाभर चिखलात गुडघे टेकले, फादरच्या कानात तेच पाप सांगितलं, क्षमा घेतली आणि हलक्या मनानं वाटेला लागला. सर्वांत शेवटी फादर एकटा उरला. त्याचं पाप ऐकायला जाळीपलीकडे कुणी नव्हतं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: ज्याचा अपराध केला त्याचं दार टाळून जो देवाच्या दारी जातो, तो कुठल्याच दारी पोचत नाही.