उन्हाला भिणारी स्क्रीन

फडाक्. लहानपणी हा आवाज आला की आम्हा पोरांना कळायचं, पाहुणे आले. आमच्या घरात एकच काळी छत्री होती. पाहुणा वेशीपाशी दिसला की वडील अनवाणी पळायचे आणि त्याच्या डोक्यावर छत्री उघडायचे. स्वतः उन्हातून चालायचे. ती छत्री पावसात कधी उघडलेली मला आठवत नाही. घरात तिला पाहुण्यांची छत्रीच म्हणायचे.

ते राहू द्या. गोष्ट पुंजारामची आहे.

तापीकाठच्या एका गावात पुंजाराम नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. मनाने फार चांगला. सांगितलं ते करायचा. तेवढंच करायचा, आणि दुसरं काही सांगेपर्यंत तेच करत राहायचा. तो नानांकडे कामाला होता. नाना म्हणजे केळीचे व्यापारी उत्तमराव. नानांनी नवी गाडी घेतली. तिच्यात पुढे शाळेतल्या पाटीपेक्षा मोठी स्क्रीन होती. बोट लावलं की गाणं लागायचं, रस्ता दिसायचा. गाडी मागे घ्यायची असली की मागचं सगळं पुढे दिसायचं. आठ दिवस गाव ती स्क्रीन बघायला येत होतं. नाना प्रत्येकाला आधी हात धुवायला लावायचे.

शोरूमवाल्याने बजावलं होतं की गाडी उन्हात ठेवू नका, स्क्रीन तापली की काळी पडते, आणि फार तापली तर कायमची जाते. आता आमच्याकडचं ऊन म्हणजे सकाळी घातलेले पापड दुपारच्या आत वाळून खडखड वाजतात. नानांची झोप उडाली.

शिवाय अखाजी तोंडावर आली होती. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसतात. नानांची हर्षाली तीन वर्षं आली नव्हती. लग्नात तिच्या सासऱ्यांची, आत्मारामआप्पांची खुर्ची मांडवाच्या कडेला उन्हात आली होती आणि कोणी उचलून सावलीत ठेवली नव्हती. आप्पा बोलले काहीच नाहीत. फक्त सुनेला माहेरी धाडलं नाही. यंदा त्यांनी स्वतःहून निरोप पाठवला की मीच घेऊन येतो. काकू, म्हणजे नानांची बायको, त्या दिवशी देवापुढे बसून रडल्या. नाना म्हणाले, बरं झालं, आप्पांना गाडीतली स्क्रीन दाखवता येईल.

मग त्यांनी पुंजारामला बोलावून सांगितलं, "स्क्रीनला जीवापाड जपायचं. मला ऊन लागलं तर चालेल, तिला लागता कामा नये. गाडी कायम सावलीत लाव."

"बरं, नाना," पुंजाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सकाळी नऊ वाजता गाडी निंबाच्या सावलीत लावली आणि शेजारी बसून राहिला. दुपारी नाना आले तर गाडी उन्हात, पुंजाराम सावलीत. स्क्रीन काळी पडलेली. ती चालू होईपर्यंत नाना तिला पुठ्ठ्याने वारा घालत होते.

"मी लावली तेव्हा सावलीतच होती," पुंजाराम म्हणाला.

"अरे, सावली सरकते. सावली सरकली की गाडी सरकवायची."

"बरं, नाना."

पुढल्या आठवड्यात नाना तालुक्याला गेले. चार वाजले होते. पुंजारामने गाडी स्टँडवर एका एस.टी.च्या सावलीत लावली. थोड्या वेळाने एस.टी. मावळतीच्या बाजूला निघाली. तिची सावली तिच्या मागे पडली. सावली सरकली, पुंजारामने गाडी सरकवली. एस.टी. थांबली की तो थांबायचा, निघाली की निघायचा. चौथ्या थांब्यावर कंडक्टर खाली उतरून म्हणाला की आमच्या गाडीत कोणी नातेवाईक बसलाय का तुमचा. पुंजाराम म्हणाला, "नाही, सावली घेतोय." दिवस मावळला, सगळीकडेच सावली झाली, तेव्हा तो माघारी वळला. नाना केळीच्या टेम्पोत घडांवर बसून घरी आले होते. धोतराला केळीचा चीक लागलेला. त्याचे डाग जन्मात निघत नाहीत.

"चालत्या सावलीच्या मागे जायचं नसतं," नाना दात आवळून म्हणाले. "सावली नसली तर तिला झाकायचं."

"कशाने?"

"हाताला लागेल त्याने."

"बरं, नाना."

दोनच दिवसांनी नाना शेजारी बसलेले असताना समोरच्या काचेतून ऊन थेट स्क्रीनवर आलं. पुंजारामच्या हाताला नानांची टोपी लागली. टोपी पुरेना. मग नानांचं उपरणं लागलं, तेही घातलं. थोडं पुढे गेल्यावर रस्ता चुकला म्हणून गाडी मागे घ्यायची वेळ आली. मागे काय आहे, असं नानांनी विचारलं. "मला कसं दिसणार, झाकलंय," असं म्हणून पुंजारामने गाडी मागे घेतली. मागे पाट होता. पाटाला नुकतंच पाणी सोडलं होतं.

गाडी बैल लावून बाहेर काढली. स्क्रीन कोरडी राहिली, टोपी पाण्यात गेली. काकू ओट्यावरून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "एका काचेपायी टोपी गेली, धोतर गेलं. लग्नात एक खुर्ची हलवायला मात्र तुमच्याकडे माणूस नव्हता."

नानांना ते झोंबलं. ते पुंजारामवर ओरडले, "एकच गोष्ट ध्यानात ठेव. बारा ते चार गाडी उन्हात दिसली नाही पाहिजे. मग गाडीत कोणी का बसलेलं असेना."

"कोणी पण?"

"मी असलो तरी."

"बरं, नाना."

अखाजी आली. काकूंनी पहाटेपासून पुरण शिजवलं. झोका बांधला. आप्पा आणि हर्षाली फाट्यावर साडेदहाच्या एस.टी.ने उतरणार होते. काकूंनी पुंजारामच्या हाती छत्री दिली आणि सांगितलं की पाहुण्यांना ऊन लागू देऊ नको. नाना म्हणाले, पाहुण्यांना घेतल्याशिवाय येऊ नको, आणि स्क्रीनला एकटं सोडू नको. पुंजारामने सगळं दोनदा म्हणून पाठ केलं.

एस.टी. सव्वा तास उशिरा आली. आप्पा उतरले. थकलेले दिसत होते, पण हसले. गाडीत बसून स्क्रीन बघितली आणि म्हणाले, चांगली आहे हो सूनबाई, तुमच्या वडिलांची पाटी. हर्षाली तीन वर्षांनी त्या रस्त्याला लागली होती. ती काचेतून नुसती बाहेर बघत होती. गाव दोन किलोमीटर राहिलं आणि स्क्रीनवर बारा वाजले.

पुंजारामने गाडी वळवून केळी भरायच्या शेडमध्ये घातली.

"उतरा आप्पा," तो म्हणाला. "आता चार वाजता निघू."

हर्षालीने त्याला समजावलं. रागावून पाहिलं. तो म्हणाला, गाडीत नाना स्वतः असते तरी मी हेच केलं असतं, त्यांनीच तसं सांगितलंय. आप्पांनी हे ऐकलं. तिने बापाला लावायला फोन काढला, तर आप्पा म्हणाले, "नको. ज्याची गाडी त्याची मर्जी. चालत जाऊ." त्यांना साखरेचा त्रास होता. जेवणाची वेळ चुकवून चालणार नव्हतं.

पुंजाराम विचारात पडला. पाहुण्यांना घेतल्याशिवाय जायचं नव्हतं. स्क्रीनला एकटं सोडायचं नव्हतं. शेडचा पत्राही तापला होता. त्याने डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्क्रीन सोडवली. मागच्या वायरी निघेनात, त्या तोडल्या. मग छत्री एक, आणि ऊन सगळ्यांनाच. त्याने पुन्हा विचार केला. नाना म्हणजे मालक. त्यांना ऊन लागलं तर चालतं, मग पाहुण्यांना का चालू नये? स्क्रीनला मात्र चालत नाही.

अखाजीच्या भर दुपारी गावाने ती मिरवणूक बघितली. पुढे पुंजाराम, तान्ह्या पोरासारखी छातीशी स्क्रीन घेतलेला, तिच्यावर छत्री धरलेला. मागे डोक्यावर रुमाल टाकून आप्पा, धापा टाकत. त्यांच्या मागे पिशवी घेऊन हर्षाली. झोक्यावरच्या पोरी झोका थांबवून बघत राहिल्या.

काकू पाय धुवायला तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. निंबाखाली सावली आली तशी पुंजारामने छत्री मिटून ओट्याला टेकवली आणि स्क्रीन घेऊन परत निंबाच्या बुंध्याशी, सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. नाना कैरीच्या पन्ह्याचा पेला घेऊन ओट्यावरून धावत उतरले. आप्पांनी कपाळ पुसलं आणि पेला घ्यायला हात पुढे केला.

नाना त्यांच्या बाजूने पुढे गेले. लेकीच्या बाजूने पुढे गेले. पेला डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचा तळवा स्क्रीनवर ठेवला.

"तापली तर नाही ना रे?"

"हात लावलाय ना तुम्ही. गार आहे," पुंजाराम म्हणाला. "वाटभर ऊन लागू दिलं नाही."

"शाब्बास," नाना म्हणाले. इतक्या वर्षांत पुंजारामला शाब्बासकी पहिल्यांदाच मिळत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनच्या मागे चार तुटक्या वायरी लोंबत होत्या. त्यांच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

आप्पांचा हात अजून तसाच पुढे होता. त्यांनी तो मागे घेतला, काकूंच्या तांब्यातलं पाणी उभ्यानेच घोटभर प्यायले आणि म्हणाले, "सूनबाई, तुम्ही राहा. सण आहे. मी फाट्यावर एस.टी. बघतो." आणि आल्या वाटेने निघाले.

नाना पेला घेऊन मागे वळले. पन्हं अर्धं सांडलं होतं. "आप्पा, अहो आप्पा, बसा तरी. तुम्हाला दाखवायचीच होती," ते म्हणाले.

हर्षालीने झोक्याकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. तिने ओट्याला टेकवलेली छत्री उचलली.

"नाना, ताई छत्री नेतात," पुंजाराम घाबरून म्हणाला. "सावली सरकली, तर आता हिच्यावर काय धरू?"

फडाक्. उन्हात जाऊन हर्षालीने सासऱ्यांच्या डोक्यावर छत्री उघडली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि त्यांच्याबरोबर फाट्याकडे चालू लागली.