आमदारांना पुलापर्यंत पोचवलं

टेंभाळीच्या देवळात सभा भरली होती. आमदार दौलतराव खुटाळे गुळगुळीत कागदावरचा कार्य अहवाल वाचून दाखवत होते. शाळेच्या खोल्या झाल्या, सौरदिवे लागले. मग आवाज चढवून ते म्हणाले, "आणि तुमच्या ओढ्यावरचा पूल पूर्ण झाला!"

कोणी टाळी वाजवली नाही. मागे बसलेल्या भिवराबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. श्रावणात तिची सून बाळंतपणात अडली होती. झोळीत घालून दवाखान्यात नेताना ओढ्याला पूर आला, आणि पाणी उतरायची वाट बघताना काठावरच सगळं संपलं.

भिवराबाई उठली. "साहेब, पूल झाला म्हणता?"

"मग मी खोटं बोलतोय का?" आमदार उखडले. "सही-शिक्क्याचा कागद आहे हा!"

"खोटं कसं म्हणीन? येताना तुम्ही घाटातनं लांबचा फेरा मारून आलात. जाताना पुलावरनं जावा. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची आमच्यात रीत आहे. सगळं गाव येतंय पोचवायला."

आता आली पंचाईत. नाही म्हणावं, तर अहवालच खोटा ठरतो! आमदार निघाले, पाठोपाठ अख्खं गाव निघालं.

ओढ्यात नुसते दोन खांब उभे होते आणि त्यांच्यामधून गढूळ पाणी धावत होतं. आमदार काठावर थबकले. हातातला अहवाल त्यांनी हळूच मिटला.

भिवराबाईने हात जोडले.

"थांबलात का साहेब? माझी सूनही इथंच थांबली होती."