शेल्याच्या माळावरची झुंज

सावरघळ गावाच्या शिवेवर एक माळ आहे. चारी बाजूंना गुडघाभर कुसळं आणि मधोमध बैलगाडी वळेल एवढं वाटोळं रिंगण. त्या रिंगणात मात्र गवताची काडी उगवत नाही. पाहुणे विचारतात, इथे पूर्वी खळं होतं का? भैरोबाचा गुरव दौलू म्हातारा आधी तंबाखू मळून घेतो, मग म्हणतो, "खळं कसलं, मांडव हाय ह्यो." आणि गोष्ट सुरू करतो. घाई असेल त्याने आधीच एसटी पकडावी, कारण गोष्ट अर्ध्यावर टाकून उठलेलं त्याला खपत नाही.

असं सांगतात, की फार पूर्वी या गावात बयाजी घाडगे नावाचा गृहस्थ होता. माणूस देवभोळा आणि भिडस्त. मांजर आडवं गेलं तर हा मांजराचीच माफी मागून घरी परतायचा. त्याची एकुलती एक लेक सगुणा. तिची ठरलेली लग्नं दोनदा ऐनवेळी मोडली होती. तिसरं जुळलं ते पलीकडच्या खोऱ्यातल्या सुभानराव जगदाळ्यांच्या मुलाशी. हेही मोडलं तर पोर जन्माची घरात राहणार, या धास्तीने बयाजीला अन्न गोड लागत नव्हतं. त्यात सुभानराव म्हणजे पानात चटणीची जागा चुकली म्हणून भरल्या ताटावरून उठणारे.

वैशाखात वऱ्हाड शिवेवर आलं. रिवाज असा, की मुलीच्या बापाने व्याह्याच्या खांद्यावर मानाचा शेला घालायचा, गळाभेट घ्यायची, मगच वऱ्हाडाने गावात पाऊल टाकायचं. सुभानराव छाती काढून उभे राहिले. बयाजीने शेला उलगडला आणि तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आरं, नाग-धामण जुळलीत."

त्या काळी गावाची पक्की समजूत होती, की धामण ही नागाची बायको. अशी जुळलेली जोडी दिसली, तिच्यावर कोरं वस्त्र टाकलं आणि ते नंतर देव्हाऱ्यात ठेवलं, की त्या घराचं भलं झालंच म्हणून समजा. आणि जोडी तर समोर माळावरच होती. पुरुषभर लांबीची दोन जनावरं, शेपटीपासून दोरखंडासारखी पिळलेली, अर्धी अंगं उभी करून डुलत होती, एकमेकांच्या मानेवर मान टाकत होती. बयाजीला भरून आलं. लेकीच्या लग्नाच्या दिवशी, शिवेवर, भर उजेडात! कोरं वस्त्र हातात एकच होतं. त्याने ते टाकलं, डोळे मिटले, हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा सुभानराव बैलगाडीत चढत होते. "मान सापाला दिलात," ते म्हणाले, "आता लेकबी तिथंच द्या."

बयाजी गाडीमागे धावला, गाडीची मागची फळी धरली, काकुळतीला आला. गाडीवान बिचारा कासरा धरून दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढ्यात इकडे शेला हलला. दोन्ही जनावरं त्याखालून बाहेर आली ती अजून एकमेकांत गुंतलेलीच. एकाने जोर लावून दुसऱ्याची मान मातीला टेकवली आणि तशीच दाबून धरली. मग विळखा सुटला. हरलेलं जनावर मुकाट्याने झुडपात निघून गेलं. जिंकलेलं सरळ खडकाकडे गेलं. तिथे एक तिसरी धामण पसरली होती. ते गेलं आणि तिच्या पाठीवर हळूच हनुवटी ठेवून पडलं.

आता सगळ्यांना उमजलं. नाग नव्हता, फणा नव्हता, जोडपंही नव्हतं. दोघेही नर धामणच होते आणि तिसरीसाठी झुंजत होते. आणि एवढं झुंजून एकही दात लागला नव्हता.

सुभानराव गाडीतूनच हसले. "व्याही, तुम्ही तर पैलवानांना शेला घातलात की वो." सगळं वऱ्हाड हसलं. मग, म्हणे, बयाजीला राग आला. आयुष्यात तो एकदाच आला.

"पैलवानाचाच शेला असंल तर जिंकंल त्यानं घ्यावा," तो म्हणाला. "उतरा खाली. मी पडलो तर खुशाल माघारी जावा. तुम्ही पडला तर लगीन."

आता नाही म्हणणं सुभानरावांच्या मानात बसेना. अटी जनावरांच्याच ठरल्या. बुक्की नाही, लाथ नाही, चावणं नाही. छातीला छाती लावायची आणि रेटायचं. दोघांची छाती भिडण्याआधी पोटंच भिडली, ती गोष्ट वेगळी. पागोटी सुटली, धोतरं सैल झाली, दोघेही घामाने निथळले, पण कोणी पडेना. वऱ्हाड सावली बघून खाली बसलं.

वऱ्हाड परत निघाल्याचं ऐकून सगुणा हळदीच्या अंगाने धावत माळावर आली. तिने बापाकडे पाहिलं. हा माणूस आज कोणाचीच माफी मागत नव्हता. ती वऱ्हाडाबरोबर आलेल्या भटजींकडे वळली. "मुहूर्त थांबंल का वो?"

"मुहूर्त कशाला थांबेल, पोरी?"

"मग म्हणायला घ्या."

नवऱ्या मुलाने वडिलांकडे पाहिलं, मग सगुणेकडे पाहिलं आणि निमूट येऊन उभा राहिला. त्याच्या शहाणपणाचं गावात अजून कौतुक होतं. तोच शेला झटकून अंतरपाट म्हणून धरला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. 'शुभमंगल सावधान' झालं त्याच क्षणी सुभानरावांची पाठ मातीला लागली, बयाजी त्यांच्या छातीवर आला आणि दोघांवर अक्षता पडल्या. बयाजीने मान वर केली. लेकीच्या गळ्यात हार होता. तो होता तिथेच बसून ढसाढसा रडू लागला.

खालून आवाज आला, "व्याही, रडा पोटभर. पर आधी माझ्या छातीवरनं उठा."

तेव्हापासून सावरघळात धामणीवर कोणी काठी उगारत नाही. गावातलं प्रत्येक लग्न याच माळावर लागतं आणि मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा दोन्ही बाप रिंगणात झुंजत असतात. त्यामुळे मानपानावरून रुसवा म्हणाल तर या गावात होत नाही, व्याह्यांकडे तेवढा श्वासच उरत नाही. खालची माती उलथून उलथून गवत उगवायचं राहिलं ते राहिलंच.

आजही झुंजीत मुलीचा बाप वर आला, तर त्याला कोणी ऊठ म्हणत नाही. त्याचं रडून होईपर्यंत खालचा व्याही गप्प पडून राहतो. या गावात व्याह्याचा मान तो एवढाच, आणि तो मोडलेला अजून कोणी पाहिला नाही.