दुसऱ्या मुठीची कहाणी

ऐका मूठमाउली, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, त्या नगरात कोष्ट्यांची आळी होती, आळीत एक घर होतं. घरात माग एक, खाणारी तोंडं चार. कोष्टी मागावर बसे, त्याची आई रहाटावर सुताच्या कांड्या भरी, ठकी नावाची लेक अंगणात खेळे. आणि सून होती भिवरा. ती दळी, कांडी, पाणी भरी, रांधी, सगळ्यांना वाढी, आणि मागावर धागा तुटला की सांधायला धावे. तिच्या बोटांची गाठ अशी की नवं लुगडं उलटंपालटं केलं तरी सापडू नये.

सूत लांबून येई, बैलांच्या पाठीवरून. सूत आलं की चूल पेटे, सूत थांबलं की चूल थंड. कधी वाटेत पूर, कधी वाटेत चोर. मग कोष्टी मागावर नुसता बसून राही, ठकी भुकेनं रडे, आणि भिवरा तिला पाणी पाजून निजवी. त्या रडण्याची तिनं धास्तीच घेतली होती.

एके दिवशी काय झालं, भिवरा नदीवर पाण्याला गेली. तिथं एक म्हातारी वाळूवर दाण्यांच्या दोन मुठी मांडून पूजा करीत होती. भिवरा म्हणाली, "आजी, आजी, हा कसला वसा वसतां?"

"हा मूठमाउलीचा वसा. तुला कशाला सांगू? उतशील, मातशील, आपल्यालाच विसरशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

म्हातारी गालातल्या गालात हसली. तिसऱ्याचं उत्तर काही आलं नव्हतं. हसू नका ग बायांनो, आपल्याला तरी कुठं आलं असतं?

मग म्हातारीनं वसा सांगितला. "रोज दळायच्या आधी सुपातून दोन मुठी काढ. पहिली मूठ रांजणात टाक, ती उद्याची. दुसरी मूठ दळ, तिची भाकरी कर, आणि ऊन ऊन आहे तोवर तूच खा. सगळ्यांच्या आधी. ती तुझी. एक मूठ चुकली तर दुसरी फळत नाही." भिवरेनं पदर पसरून वसा घेतला, घागर उचलली, घरी आली.

पहिल्या दिवशी तिनं दोन मुठी काढल्या. एक रांजणात टाकली. दुसरीची भाकरी केली, तव्यावरून काढली, तुकडा मोडला, तो दारातून सासू आली. "काय ग बाई, कर्ता पुरुष उपाशी, आणि सून चुलीपाशी गिळतेय. आमच्या वेळी नव्हतं असलं." भिवरेनं तुकडा खाली ठेवला.

मग तिनं मनाशी विचार केला. वसा टाकायचा नाही हे खरं. पण माझ्या पोटात गेलेली मूठ दिसते कुठं? रांजणात टाकली तर दिसेल, वाढेल, ठकीच्या कामी येईल. माझं काय मेलं, मी उरलंसुरलं खाईन. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही मुठी रांजणात पडू लागल्या. मुठी दोनच निघत होत्या, तेव्हा तिला वाटलं, वसा चाललाय.

एक वर्ष झालं, रांजण गळ्याशी आला. भिवरेला उठता बसता घेरी येऊ लागली. कोष्टी म्हणाला, "अगं, दोन घास जास्त खात जा." ती म्हणाली, "माझं काय मेलं." दुसरं वर्ष झालं, दुसरा रांजण मांडला. तिचे पाय सुजले. शेजारीण म्हणाली, "भिवरे, वैद्याला दाखव." ती म्हणाली, "माझं काय मेलं." तिसरं वर्ष लागलं, दुसराही रांजण भरला. आता तिची बोटं थरथरू लागली. धागा तुटला, गाठ मारायला गेली, गाठ बसेना. पुन्हा मारली, बसेना. तिसऱ्यांदा मारली आणि तिथंच मागाच्या खड्ड्याशी कोसळली.

मग रांजण उघडले. वैद्य आला, काढे दिले, लेप दिले, एक रांजण त्याच्या घरी गेला. दळणकांडणाला बाई ठेवली, अर्धा रांजण तिच्या घरी गेला. गाठी मारायला दुसरा कोष्टी बोलावला, त्याच्या गाठी जाडजूड, लुगडी कुणी घेईना, उरला अर्धाही घरीच खाऊन सरला. आपलं पोट मारून साठवलं ते आपल्याच दुखण्यानं नेलं. भिवरा अंथरुणावरून रित्या रांजणाकडे बघे आणि ठकीकडे बघे. मी गेले तर हिचं कोण करील, एवढंच तिच्या मनात येई.

एके दिवशी दुपारी दारात तीच म्हातारी उभी राहिली. "बाळे, भूक लागलीय. घास वाढ." भिवरा भिंतीला धरून उठली. दारचा पाहुणा उपाशी कसा जाऊ द्यावा? म्हातारी म्हणाली, "पण मी परक्याच्या ताटात जेवत नाही. मला तुझ्या ताटात वाढ."

भिवरा फळीपाशी गेली. हे ताट धन्याचं. हे ताट आत्याबाईंचं. ही ताटली ठकीची. आणि तिचं? ती फळी चाचपत राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती पातेल्यातली खरवड पातेल्यातच खात आली होती. तिला त्या घरात ताटच नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली.

म्हातारी म्हणाली, "पहिली मूठ कुठाय?"

"रांजणात टाकली, आजी."

"आणि दुसरी?"

"तीही रांजणात टाकली. लेकीसाठी, आजी. उतले नाही, मातले नाही."

"आणि आपल्याला विसरलीस, त्याचं काय? अगं, रांजण मातीचा, फुटला तर कुंभार दुसरा देईल. तू फुटलीस तर ठकीला दुसरी आई कोण घडवून देणार?"

रहाट थांबला. सासू सगळं ऐकत होती. ती उठली, माळ्यावर चढली, आणि कापडात बांधलेलं पितळी ताट घेऊन आली. "हे माझ्या आईनं लग्नात दिलेलं. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलं. चाळीस वर्षांत मी त्यात एकदा जेवले नाही. मलाही कुणी आधी जेव म्हटलं नव्हतं ग. म्हणून तुला बोलले. चुकलं माझं." असं म्हणून तिनं चिंचेनं ताट घासलं, मूठभर पिठाची भाकरी थापली आणि ऊन ऊन ताटात वाढली. "सूनबाई, घे."

भिवरेनं अर्धी भाकरी म्हातारीला द्यायला हात पुढं केला, तो दारात कुणी नाही. उंबऱ्यावर जोंधळ्याच्या दोन मुठी मांडलेल्या. तिनं हात जोडले, सासूच्या पाया पडली, आणि पहिला घास खाल्ला.

मग वसा नीट चालला. एक मूठ रांजणात, एक मूठ ताटात. तीन पंधरवडे गेले. पहिल्यात घेरी गेली, दुसऱ्यात सूज उतरली, तिसऱ्यात बोटं स्थिर झाली. ती मागापाशी बसली, तुटला धागा उचलला, गाठ मारली. कोष्ट्यानं आडव्या धाग्याचा धोटा फेकला, गाठ कुठं गेली कळलंही नाही. तो म्हणाला, "माझं घर परत आलं." भिवरेनं आपल्याच बोटांना नमस्कार केला.

रांजण आता सावकाश भरे, पण रिता होईना. पुढं सूत थांबलं, चार महिने थांबलं. रांजण उघडला. घरानं खाल्लं, शेजारणीलाही सुपातून दिलं, आणि ठकी एक रात्र उपाशी निजली नाही.

ठकीचं लग्न झालं. सासरी निघताना भिवरेनं तिच्या हातात एक लहान रांजण दिला आणि एक ताट दिलं. "बाळे, एकावाचून दुसरं वापरू नकोस." तेव्हा मांडवात ती म्हातारी पुन्हा दिसली. भिवरा धावली. "आजी, त्या दिवशी तुम्ही उपाशी गेलात. आज माझ्या ताटात जेवा." म्हातारी म्हणाली, "वेडे, तू पहिला घास घेतलास, त्या दिवसापासून मी रोज तुझ्याच ताटात जेवतेय. पोट भरलंय माझं."

जशी मूठमाउली भिवरेला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. कणगीला दाणा, अंगाला बळ आणि फळीवर आपल्या नावाचं ताट देवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सांगितली, तुमच्यामाझ्या ताटीं सुफळ होवो, संपूर्ण होवो. आता उठा. नैवेद्य दाखवून झालाय. जिनं तो रांधला, तिला आधी वाढा.