घरच्या माणसाची रजा

बापूसाहेब कोरगावकरांच्या पेढ्यांच्या कारखान्यात नारबाने सारा जन्म भट्टीपुढे खवा आटवला. शिव्या खाल्ल्या, पण पगारी रजा कधी मिळाली नाही. गुडघे गेल्यावर शेठने त्याला घरी बसवले. त्याने साचलेल्या रजेचे पैसे मागितले, तर हाकलून दिले. बायकोच्या औषधालाही पैसा उरला नाही, तेव्हा नारबा कामगार न्यायालयात गेला. तारखांवर तारखा पडल्या. तो थकला, पण हटला नाही.

अखेर शेठ साक्षीला उभे राहिले. ते दत्तमंदिराचे विश्वस्त, त्यामुळे निम्मे गाव ऐकायला आले होते.

"साहेब, नारबाला आम्ही नोकर कधी मानलंच नाही," शेठ हात जोडून म्हणाले. "तो आमच्या घरचा माणूस. घरच्या माणसाला कसली आलीय पगारी रजा?"

न्यायाधीशांनी नारबाकडे पाहिले. तो कठड्याला धरून उठला.

"साहेब, शेठचे वडील वारले तेव्हा घरच्यांना सुतक होतं. त्यांतलं कोणी भट्टीकडे फिरकलं नाही. मला मात्र त्याच दिवशी कामाला जुंपलं. माझ्या हातचे पेढे रोज दत्ताच्या नैवेद्याला गेले. मी घरचा, तर सुतक मलाही होतं. शेठ, देवाला सुतकातला नैवेद्य दाखवलात का?"

मागच्या बाकावरून दत्तमंदिराचा पुजारी ताडकन उठला. "बापूसाहेब, खरं काय ते सांगा!"

शेठ घाईघाईने त्याच्याकडे वळले. "अहो, नाही हो! तो नोकर! पहिल्यापासून नोकरच!"

"लिहून घ्या," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले. "आता रजेचं बोलू."

नारबा हसला नाही. "एवढं एक वाक्य बोलायला किती दमवलंत, शेठ," म्हणत तो खाली बसला.