मधली वायर

"टक् असा आवाज आला होता का?"

दिलवर बुटाच्या टोकाने फरशीवरचा डाग खरवडत होता.

"वायर बसवताना," हुसेन उस्तादने पुन्हा विचारलं. "रबराची टोपी पूर्ण खाली गेली की टक् होतं. ऐकलं होतंस?"

"आठवत नाही... अकरा महिने तेवढंच आठवायचा प्रयत्न करतोय, उस्ताद."

शहाद्याच्या रस्त्यावरचं उस्तादचं गॅरेज. दुपार. दारात एक जुनी एसयूव्ही उभी होती, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणलेली. पंचवीस वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. बॉनेटच्या फटीत वाळलेला पाला अडकला होता.

दिलवर पावरा याच गॅरेजात सहा वर्षं काम शिकला. मग नाशिकला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागला आणि इकडे फिरकला नाही. तिथल्या पोरांना हसत सांगायचा, आमचा उस्ताद ब्रेकचं काम आलं की गाडी परत पाठवतो, येतच नसेल त्याला.

गाडी त्याच्या मोठ्या भावाची, सुरतसिंगची. डोंगरातल्या पाड्यावरून तो तिच्यातून माणसं बाजाराला न्यायचा. मागच्या पावसाळ्यात दिलवर सुट्टीवर घरी आला. चढावर गाडी धक्के खाते म्हणून त्याने तिचे चारही स्पार्क प्लग आणि वायरी बदलल्या. सगळा पाडा भोवती जमला होता. उस्तादने शिकवलं होतं, एक वायर काढ, तिच्या जागी नवी लाव, मग दुसरीला हात घाल. दिलवरने सगळ्या एकदम उपटल्या. "क्रम पाठ आहे मला," तो म्हणाला. वीस मिनिटांत काम संपलं. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो नाशिकला गेला. आठ दिवसांनी सुरतसिंगला साप चावला.

पाड्यावर दुसरी गाडी नव्हती. शेजारचा एकजण चालवायला बसला. अर्ध्या घाटात इंजिन बंद पडलं, ते पुन्हा लागलंच नाही. मागून एक टेम्पो येईपर्यंत पाऊण तास गेला. दवाखान्याच्या पायरीवर सुरतसिंगने मान टाकली.

त्यानंतर दिलवरने त्या गाडीचं बॉनेट कोणाला उघडू दिलं नव्हतं. स्वतःही उघडलं नव्हतं.

"धक्के खाऊन बंद पडली, की एकदम?"

"एकदम."

उस्तादने मान हलवली. दोघांनाही ठाऊक होतं. एखादा प्लग गेला तर गाडी लंगडते, पण चालत राहते. एकदम मरते ती मधली वायर सुटली तर. कॉइलमधली वीज त्या एका वायरीतून येते आणि मग चारही प्लगना वाटली जाते.

"किंवा पेट्रोलचा पंप गेला असेल," उस्ताद म्हणाला.

"किंवा पंप... पंपाला मी हात लावला नव्हता."

"आज का आलास?"

"वहिनी म्हणाली, भाऊजी, गाडी चालू करून आणा. पाड्यावर दोन बायांचे दिवस भरत आलेत."

उस्ताद उठला.

"तुम्ही बघा," दिलवर म्हणाला. "मधली वायर जागेवर आहे, की सुटलीय. जे असेल ते सांगा. माझ्याने बघवत नाही."

तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मागे बॉनेट करकरलं.

मग बराच वेळ काहीच आवाज नाही...

मग फट्. पुन्हा फट्. वायरी उपटल्याचे आवाज.

दिलवर गर्रकन वळला. पाचही वायरी जुन्या ऑइलच्या ट्रेमध्ये बुडत होत्या. उस्ताद पान्याने पंप सोडवत होता. सुटल्यावर त्याने तो उलटून पाहिलासुद्धा नाही. भंगाराच्या ढिगात फेकला.

"उस्ताद! हे काय केलंत?"

"काढलं."

"मधली वायर जागेवर होती का?"

उस्ताद फडक्याला हात पुसत राहिला.

"तुम्ही बघितलंत."

"बघितलं."

"मग सांगा ना!" दिलवरने त्याचं मनगट धरलं. हाडकुळं मनगट. उस्तादने ते सोडवून घेतलं नाही. "माझा भाऊ गेलाय, उस्ताद. मला कळायला नको?"

"तू इथे येण्याआधीची गोष्ट," उस्ताद म्हणाला. "एका जीपचे ब्रेक केले होते मी. उतारावर लागले नाहीत. तीन माणसं गेली. मी तिथे गेलो. दरीत उतरलो. जीपखाली झोपून सगळं बघितलं."

"काय दिसलं?"

उस्ताद रस्त्याकडे बघत होता. एक उसाची गाडी गेली. 

"बघितलं, आणि त्या दिवसापासून ब्रेकला हात लावलेला नाही. ब्रेक तसेच ठेवून दारातून परत पाठवल्या त्या गाड्या कुठे गेल्या, कशा गेल्या... ठाऊक नाही."

दिलवरची पकड सुटली.

उस्तादने कपाटातून नव्या प्लगचा खोका काढला, वायरींचा संच काढला, एक पंप काढला. सगळं बॉनेटच्या कडेला मांडलं.

"कर."

"माझ्याने नाही होणार."

"किती बाया म्हणालास?"

"...दोन."

दिलवरने पाना उचलला.

प्लगच्या खळग्यांतली माती त्याने हवेने उडवली. जुने प्लग काढले. नव्या प्लगची फट पट्टी घालून तपासली. पहिला प्लग बोटांनीच फिरवत खाली नेला, शेवटी पान्याने थोडासा आवळला. दुसरा हातातून निसटून फरशीवर पडला. तो उचलायला वाकला तर उस्तादने पडलेला प्लग पायाने बाजूला सारला आणि खोक्यातला दुसरा हातात दिला.

"वायरींचा क्रम?" उस्तादने विचारलं.

"पाठ आ..." दिलवर थांबला. "बघून लावतो."

त्याने खाली वाकून वीज वाटणाऱ्या डबीच्या झाकणावरचा आकडा शोधला. प्रत्येक वायर बोटाने माग काढत तपासली. मधली शेवटी लावली. दाबताना नखं पांढरी पडली. काढली, पुन्हा दाबली. पुन्हा काढली, पुन्हा दाबली. चौथ्यांदा काढायला गेला तेव्हा उस्तादने त्याच्या हातावर हात ठेवला.

"पुरे."

पंप बसला. शिळं पेट्रोल काढून ताजं घातलं. गॅरेजातली बॅटरी जोडली. तिसऱ्या चावीला इंजिन लागलं. खोकलं, धुरकटलं, मग एका लयीत चालू लागलं.

दिलवर भावाच्या जागेवर बसला होता. डोळे पुसायचं त्याला भान नव्हतं. गिअर टाकला, पण क्लचवरचा पाय उचलेना.

"उस्ताद..."

"काय?"

"आता वाटेत बंद नाही ना पडणार?"

उस्तादने बाहेरून हात घालून दाराची कडी नीट लावली.

"पडेल कधीतरी," तो म्हणाला. "निघ."