गाडीखालची सावली

फार मागच्या काळी, रेणुमती नगरीवर अजितसेन राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने एका सुताराच्या घरी जन्म घेतला होता. तो बैलगाड्या बनवी.

नगराच्या वेशीबाहेर एक पांजरपोळ होता. धन्याने टाकलेली, वाट चुकलेली जनावरे तिथे विसाव्याला येत. तिथले नियम दोन. जनावराच्या मानेवर जू ठेवून कुणी फाटकाच्या आत यायचे नाही. आतल्या जनावरांना कष्टाची आठवणसुद्धा नको. आणि कुणाला एखादे जनावर घरी न्यायचे असेल, तर दोरीने ओढायचे नाही. ते आपल्या पायांनी निघाले पाहिजे.

एके वर्षी दुष्काळ पडला. पौर्णिमेपर्यंत जी जनावरे कुणी नेणार नाही ती रानात सोडावी, अशी राजाने आज्ञा दिली. रानात वाघ होते.

बोधिसत्त्वाचा म्हातारा कुत्रा त्याच उन्हाळ्यात गेला होता. बोधिसत्त्वाची बायको सामा म्हणाली, "पांजरपोळातून एखादं पिल्लू आणा. आपल्या हाताखाली वाढेल."

तो पांजरपोळात गेला तेव्हा पिल्ले लोकांनी आधीच नेली होती. उरला होता एक थोराड, पिवळसर कुत्रा. भिंतीशी बसून तो फाटकाकडे बघत होता.

"त्याच्या नादी लागू नका," म्हातारा रखवालदार भद्रक म्हणाला. "गाड्यांच्या तांड्यावाल्यांनी सोडलाय. सहा जण बोलावून बोलावून गेले, जागचा हलत नाही. दुसऱ्याचं मीठ खाल्लेलं जनावर ते. तुमचं कसं होणार?"

बोधिसत्त्वाने त्याच्यापुढे भात ठेवला. कुत्र्याने खाल्ला आणि पुन्हा फाटकाकडे तोंड केले. बोधिसत्त्व पुढे चालत गेला, वळून हाक मारली. कुत्रा उठला नाही. असे तीन दिवस झाले, आणि पौर्णिमा उजाडली.

त्या सकाळी बोधिसत्त्व त्याच्याजवळ नुसता बसून राहिला. पाठीवरून हात फिरवताना बोटांना काळे, चिकट काही लागले. त्याने ते नाकाशी नेले. वंगण होते ते, गाडीच्या आसाचे. हा कुत्रा जन्मभर गाडीखाली, दोन चाकांमधल्या सावलीत चालला होता. माणसाच्या मागे कसे चालायचे, ते त्याला ठाऊकच नव्हते.

बोधिसत्त्व घरी आला आणि त्याने अंगणातली रिकामी गाडी बाहेर काढली.

"अहो, आणि बैल?"

"बैल आत नेता येत नाहीत."

सामा त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने आपली घोंगडी घडी करून त्याच्या खांद्यावर ठेवली, जू बोचू नये म्हणून.

रस्त्यात लोक हसले. "सुतारदादा, बैल विकलेत वाटतं!" "अरे, पण शेपूट कुठाय?" तो जू खांद्यावर घेऊन गाडी ओढत राहिला. हसत हसत माणसे मागून आली.

भद्रकाने फाटकाची आगळ काढली. "सुतारबाबा," तो म्हणाला, "नियम जनावराचा आहे. माणूस मान देईल, हे नियम करणाऱ्याला सुचलंच नसेल."

चाके करकरली. कुत्र्याचे कान उभे राहिले. तो उठला, अंग ताणून झटकले, आणि कुणी न बोलावता गाडीखाली येऊन आसाच्या बरोबर खाली उभा राहिला. बोधिसत्त्वाने पाऊल टाकले, तसे त्यानेही टाकले. बोधिसत्त्व श्वास घ्यायला थांबला, तसा तोही थांबला.

दोघे फाटकाबाहेर आले. हसणे कधी थांबले ते कुणालाच कळले नाही. लोक दोन्ही बाजूंना सरले. एकाने पायातल्या वहाणा काढल्या, देवळाच्या दारात काढतात तशा. मग दुसऱ्याने काढल्या. वेशीपासून सुताराच्या अंगणापर्यंत चाकांखेरीज कसलाही आवाज नव्हता.

अंगणात जू उतरवले तरी कुत्रा गाडीखालून बाहेर येईना. तेव्हा बोधिसत्त्वच वाकून आत शिरला आणि त्याच्या शेजारी मातीत आडवा झाला. दुपार कलली. केव्हातरी कुत्र्याने आपली मान त्याच्या सोललेल्या खांद्यावर ठेवली.

ही कथा भगवान शास्ते आपल्या भिक्षूंना सांगत होते. विहारात सगळ्यांच्या मागे एक वृद्ध भिक्षू होता. तो उतारवयात संघात आला, म्हणून त्याला शिष्य करून घ्यायला कुणी तयार नव्हते.

शास्ते म्हणाले, "त्या वेळचा भद्रक आजही दारच राखतो, या विहाराचे. सामा भिक्षुणीसंघात आहे. तो कुत्रा म्हणजे हे मागे बसलेले भिक्षू, आणि सुतार मी होतो. ज्याला आपल्यामागे येता येत नाही, त्याच्या चालीने आपण चालावे. या पारमितेला, या परिपूर्ण गुणाला, मैत्री म्हणतात."

एवढे बोलून ते आसनावरून उठले, आणि मागे जाऊन त्या भिक्षूशेजारी बसले.